सात बाय पाचचा फर्मा

राऊटर चालवायला मला दादानं शिकवलं, आणि मारून शिकवलं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमचं सुतारकामाचं दुकान तेव्हा अकोल्यात जुन्या शहरात होतं, मोर्णा नदीच्या पलीकडे, अशा एका गल्लीत की प्लायवुडची अख्खी शीट आत आणायची तर समोरच्याला आपली सायकल उचलून घरात घ्यावी लागे. बाबांना मशीनचा राग होता. दादाला मशीनशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडून मी दुकानात बसायला लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला पटाशीसुद्धा धड धरता येत नव्हती.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दारात काचेसाठी किंवा जाळीसाठी चौकोनी भोक पाडायचं असेल तर आधी एमडीएफचा फर्मा बनवतात. फर्मा म्हणजे मधे भोक असलेली एक साधी फळी. ती दारावर शिकंज्यांनी आवळायची. राऊटर म्हणजे दोन्ही हातांनी फिरवायचं कापायचं मशीन. त्याच्या तळाला एक लोखंडी रिंग असते आणि तिच्या मधून बिट, म्हणजे गरगर फिरणारं पातं, खाली उतरतं. रिंग फर्म्याच्या आतल्या कडेला घासत फिरवली की खाली बिट दार कापत जातं. हात कितीही कच्चा असला तरी फर्मा सरळ असेल तर भोक सरळ येतं. अडचण एकच. रिंग जाड असते आणि बिट बारीक. कडेला घासते ती रिंग, कापतं ते बिट, आणि दोघांच्या मधे चार एमएम जागा सुटते. म्हणून फर्म्याचं भोक चारी बाजूंनी चार-चार एमएम मोठं ठेवायचं असतं.

पहिल्याच महिन्यात मी ते विसरलो. एका दवाखान्याचं सागवानी दार होतं, काच आधीच कापून आलेली. मी काचेच्या मापाचाच फर्मा केला, भोक पाडलं आणि काच बसेना. दवाखान्याचा माणूस समोर उभा. तसं बिघडलं काहीच नव्हतं. फर्मा वाढवून राऊटर आणखी एकदा फिरवला की काच बसणार होती, आणि दादानं तेच केलं, दहा मिनिटांत. मग मशीन बंद करून, फडक्यात धरून त्यानं बिट सोडवलं. लाकडातून निघालेलं बिट किती तापलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून माझी मूठ आपल्या मुठीत आवळली.

"चार एमएम विसरला ना तू," तो म्हणाला. "आता चारलोक मोज. मोठ्यानं."

मी एक ते चार मोजलं. दवाखान्याचा माणूस आधी थोडा हसला, मग दादा हसला म्हणून जास्त हसला. बाबा मागे रंधा मारत होते. त्यांनी रंधा थांबवला नाही.

घरी वहिनीनं कोरफड चिरून तिचा गर माझ्या हातावर बांधला. वहिनीचं माहेर अकोल्याबाहेरच्या एका खेड्यातलं, घरचा भाजीचा मळा. लग्नानंतरही ती माहेरची भाजी घेऊन रोज सकाळी बाजारात बसायची. "त्याईच्या अंगातच येते कधी कधी," ती म्हणाली. "मनावर घेऊ नका, भाऊजी."

मी मनावर घेतलं. आणि चार एमएम त्यानंतर कधी विसरलो नाही, हेही खरं.

दादाचा हात सोन्याचा होता, असं आजही अकोल्यातले जुने कारागीर म्हणतात. तो फर्मा बनवायला बसला की पट्टीला पट्टी लावून उजेडाकडे धरायचा, आणि मधून उजेडाची रेघ दिसली तर फेकून द्यायचा. बनवलेले फर्मे तारेत ओवून भिंतीवर टांगायचा. प्रत्येकावर पेन्सिलीनं माप आणि कशासाठी ते लिहिलेलं. पण बाबा गेले आणि त्याची दारू रविवारातून बाहेर पडली. आधी शनिवार धरला, मग सगळाच आठवडा. गिऱ्हाईक सकाळी यायचं आणि दुकानात फळीवर झोपलेला दादा पाहून परत जायचं. मी उठवायला गेलो की तो शिव्या द्यायचा, आणि त्या शिव्या गिऱ्हाइकासमोर असायच्या. दोन वर्षं मी ते सोसलं. मग एक दिवस मी अमरावतीला निघून आलो आणि बडनेरा रोडला एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं. जाताना त्याला सांगितलंसुद्धा नाही.

पाच वर्षांत माझं बरं चाललं. दारं आणि किचनची कपाटं, एवढंच करायचो. हाताखाली दोन कारागीर होते, दोघंही वयानं माझ्याहून मोठे. मग वहिनीचा फोन आला. दुकान बंद झालं होतं. दादानं मशीनं विकून टाकली होती. "तुमच्यापाशी ठेवा त्याईले," ती म्हणाली. "कामात राहिले त सुधरतीन."

दादा आला तो एक कपड्यांची पिशवी आणि तारेत ओवलेले फर्मे घेऊन. बाकी सगळं विकलं होतं, फर्मे कोणी घेतले नसते. केस पांढरे झाले होते. त्यानं शेडमधून एक चक्कर मारली, माझ्या राऊटरवर हात फिरवला आणि म्हणाला, "चांगला घेतला बे."

मला त्याला ठेवून घ्यायचंच होतं, पण मायेपोटी नाही. पहिल्याच दिवशी मी दोघा कारागिरांसमोर सांगितलं की रोज सकाळी राऊटरला हात लावायच्या आधी दादानं मला हात दाखवायचे. हात थरथरत नसतील तर राऊटर. थरथरत असतील तर दिवसभर कडा घासायच्या, पॉलिशपेपरनं. कारण मी सुरक्षेचं दिलं, आणि ते कारण खोटं नव्हतं. थरथरत्या हातात ते मशीन बोट घेऊन जातं. पण मला ते एकांतातही सांगता आलं असतं.

तो रोज सकाळी माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे करायचा, तळवे खाली. मी खुर्चीवर बसून बघायचो. कधी कधी मुद्दाम वेळ लावायचो, म्हणजे हात पुढे धरून धरून कोणाचेही थरथरले असते. आठवड्यातून चार दिवस तो कडा घासायचा. तो कधी वाद घालत नसे. एकदा फक्त म्हणाला, "आज नाई थरथरून राहिले, पाहून घे नीट." मी नीट पाहिलं. खरंच थरथरत नव्हते. मी म्हटलं, "आज कडाच घास."

ते काम आलं तेव्हा दादाला माझ्याकडे येऊन वर्ष होत आलं होतं. गावाबाहेर, बडनेऱ्याच्या पुढे, एक माणूस दारू सोडवण्याचं खासगी केंद्र काढत होता. सगळे त्याला सर म्हणायचे. आवाज अतिशय मऊ होता, समोरच्याला वाकून ऐकावं लागे. त्याला अठरा दारं हवी होती. प्रत्येक दारात दोन भोकं, एक वर, चेहऱ्याच्या उंचीवर, आतला माणूस काय करतो ते बघायला. एक खाली, जमिनीपासून वीतभर, ताट सरकवायला. आतून कडी नको. बाहेरून दोन.

"वरची खिडकी एवढी हवी की चेहरा दिसला पाहिजे," सर म्हणाले, "पण डोकं बाहेर येता कामा नये. आमच्याकडे लोक सुरुवातीला फार प्रयत्न करतात."

दादा कोपऱ्यात कडा घासत होता. तो उठून आला. "सात बाय पाच," तो म्हणाला. "सात इंच रुंद, पाच उंच. डोळ्यापासून ओठालोक दिसते."

"डोकं?"

"पाहू ना."

त्या दिवशी त्याला मी राऊटर दिला. फर्मा त्यानंच बनवला, चार तासांत, चारी कडांना चार एमएम सोडून. एका जुन्या फळीत पहिलं भोक पाडलं. राऊटरनं कापलेले कोपरे गोल राहतात, ते पटाशीनं काटकोनात आणले, कडेवर बोट फिरवून पाहिलं. मग फळी दोन्ही हातांनी उभी धरली आणि आपलं डोकं त्यात घालायचा प्रयत्न केला. कपाळ अडकलं. तिरकं करून पाहिलं, कान अडकला.

"माहं डोस्कं आमच्या खानदानात लहान," तो फळीतून म्हणाला. "माहं नाई निंगत, त कोणाचंच निंगत नाई." कारागीर हसले. सरही हसले.

सर निघताना मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. ते म्हणाले, "भाऊ ना तुमचे?" मी हो म्हटलं. "किती वर्षं घेतात?" मी सांगितलं. त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "दारं झाली की पहिली खोली तुमच्यासाठी. घरच्यांची एक सही लागते. बायकोची असली तर उत्तम. पुढचं आमच्यावर सोडा."

मी विचार करतो म्हटलं. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सांगून सोडायला लावण्याचे सगळे प्रकार करून झाले होते. वहिनी त्याला कौंडण्यपूरला घेऊन गेली होती. वर्धा नदीत अंघोळ करून त्यानं देवळात शपथ घेतली आणि परतीच्या बसच्या आधी स्टॅण्डमागे जाऊन प्याला. त्याच महिन्यात माझ्या कारागिरानं त्याला पॉलिशचं स्पिरिट पाण्यात मिसळून पिताना धरलं. पुढच्या शनिवारी तो अकोल्याला गेला आणि भर बाजारात वहिनीच्या टोपल्या लाथेनं उडवल्या. टमाटे रस्त्यावर, लोक उभे राहून बघत होते, कोणी उचलायला आलं नाही. ती एकटीच वेचत होती तेव्हा त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली. हे तिनं मला फोनवर सांगितलं, न रडता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय.

सर बोलले त्या रात्री मी तिला फोन करून केंद्राबद्दल सांगितलं.

"मारतात का तिथं?" तिनं विचारलं.

"नाही म्हणतात."

ती म्हणाली, "मी सही करतो, भाऊजी. पण त्याईले सांगू नका मी केली म्हणून."

पोरीला शेजारणीकडे ठेवून ती अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला आली. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, बाकावर कागद ठेवून तिनं सही केली. सही करायला वेळ लागला, पूर्ण नाव लिहीत होती. मग पुढच्या गाडीनं परत गेली. दादा तेव्हा शेडमध्ये सोळाव्या दारातलं खालचं भोक पाडत होता.

दारं बसवायच्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीप्रमाणे हात पुढे केले. अजिबात थरथरत नव्हते. अठरा दारांच्या त्या कामात तो जवळजवळ प्यालाच नव्हता. निदान दिवसा तरी. मला त्या सकाळी वाटून गेलं की थांबावं. मग मी टेम्पोत दारं चढवायला सांगितलं.

त्याची कपड्यांची पिशवी मी आधीच भरून बिजागऱ्यांच्या खोक्याखाली ठेवली होती. रस्त्यात त्याला ती दिसली. "हे कोणाची पिशवी?" त्यानं विचारलं. रंग ओळखीचा वाटला असावा.

"कारागिराची," मी म्हटलं. त्यानं पुढं विचारलं नाही.

दिवसभरात सतरा दारं बसली. दोघे कारागीर आणि तो. मी नुसता फिरत होतो. त्याला इतकं खुशीत मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. दार चौकटीत धरून तो पायानं खालून उचलायचा, एका हातानं स्क्रू पिळायचा, दार सोडायचा आणि ते आपलं आपण येऊन लागायचं. "पाहून घे," म्हणायचा, "आवाज नाई." उन्हं कलताना मी कारागिरांना चहाला पाठवलं आणि परत येऊ नका म्हणून सांगितलं. अठरावं दार कोपऱ्यातल्या खोलीचं होतं. खोलीत एक लोखंडी पलंग, वर छताजवळ एक जाळी, बाकी काही नाही.

दार बसवून झाल्यावर तो आत गेला. "लाव बाहेरून," म्हणाला. "फटीतून उजेड येते का पाहू दे."

मी दार लावलं. मग वरची कडी लावली. मग खालची.

"वर थोडी फट हाये," तो आतून म्हणाला. "रंधा दे. दोन हात मारले की झालं."

मी व्हरांड्यात आणून ठेवलेली त्याची पिशवी उचलली. व्हरांड्यातून सर आणि त्यांची दोन माणसं येत होती, सावकाश, जणू वेळ ठरलेली असावी. ती ठरलेलीच होती.

"काय बे, उघड ना."

त्याचा चेहरा खिडकीत आला. डोळ्यापासून ओठापर्यंत, त्यानंच सांगितलं होतं तसा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे सरांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. त्याला समजायला जास्त वेळ लागला नाही.

"किती दिवस?" त्यानं मला नाही, सरांना विचारलं.

"तुमच्यावर आहे," सर मऊ आवाजात म्हणाले. "आतमध्ये हत्यारं आहेत ना तुमच्याकडे? ती तेवढी बाहेर द्या."

मला वाटलं तो आता दार फोडेल. हातात हातोडी होती, आणि ते दार कुठं कच्चं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण तो खाली बसला. ताटाच्या भोकातून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. हातोडी. पेचकस. गुण्या. पटाशी, मूठ माझ्याकडे करून. सगळ्यात शेवटी कानामागची पेन्सिल. मी वाकून एकेक उचलत होतो आणि आमची बोटं दोनदा एकमेकांना लागली.

"खालच्या भोकाचा डावा कोपरा साफ कराचा राहिला," तो आतून म्हणाला. "ताट अडकीन."

"करतो," मी म्हटलं.

"तू एक डाव म्हटलं असतं चाल म्हणून, त मी आलो असतो."

ते खरं नव्हतं. मी त्याला दहा वेळा म्हटलं होतं, आणि दहाही वेळा त्यानं मला शिव्या घातल्या होत्या. पण ते मी त्याला बोललो नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि त्याच्याच पटाशीनं तो कोपरा काटकोनात आणला. भुसा आत त्याच्या पायांवर पडत होता. पाय हलले नाहीत.

आता एक गोष्ट लिहायची आहे जी मी कुणाला सांगितलेली नाही. तो टेम्पो परत नेताना माझा तळहात, तोच, बिटानं भाजलेला, स्टिअरिंगवर होता आणि मला बरं वाटत होतं. वहिनीची सुटका झाली म्हणून नाही. दादा आता सुधारेल म्हणूनही नाही. मी दाराआड एक माणूस कोंडला होता आणि तो काही करू शकत नव्हता, म्हणून. वाटेत थांबून मी कचोरी खाल्ली.

पहिला महिना भेट देत नसत. दुसऱ्या महिन्यात गेलो तर दादा खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, खिडकीजवळ आला नाही. तिसऱ्या महिन्यात आला. वरचे दोन दात नव्हते. मी सरांकडे पाहिलं. "पडले," सर म्हणाले. "सुरुवातीला चक्कर येते, पडतात लोक." मी आणखी काही विचारलं नाही. त्याच भेटीत सरांनी मला दुसऱ्या केंद्राचं काम दिलं, बावीस दारांचं, सगळी याच मापाची. मी घेतलं. फर्मा तयारच होता. दादानं त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सात बाय पाच, डोस्कं.' मी तोच वापरला. अजूनही तोच वापरतो. त्याची कड झिजलेली नाही.

पाच महिन्यांनी दादा सुटला. मी न्यायला गेलो तेव्हा तो आधीच चालत फाट्यावर जाऊन अकोल्याची बस धरून गेला होता. शेडमधले बाकीचे फर्मे न्यायला तो कधी आला नाही.

त्यानंतर तो प्याला नाही. एक थेंब नाही. लाकडालाही हात लावला नाही. वहिनीसोबत बाजारात भाजी विकायला बसू लागला. पहाटे मळ्यातून भाजी आणायची, जुड्या बांधायच्या, वजन करायचं. नातेवाईक मला फोन करून म्हणायचे, तू केलं म्हणून त्याचं घर वाचलं. एका लग्नात लोकांनी मला धरून पुढच्या पंगतीला बसवलं. वहिनी फोनवर हसायला लागली होती. तिचं हसणं कसं असतं ते मी विसरून गेलो होतो.

वर्षभर मी गेलो नाही. मग प्लायवुडच्या कामानं अकोल्याला गेलो आणि बाजारात शिरलो. वहिनी चहा आणायला उठली होती. दादा एकटा होता, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. मी समोर उभा राहिलो.

"काय देऊ तुमाले?" तो म्हणाला.

मला वाटलं त्यानं ओळखलं नाही. "दादा, मी हाये."

"पाहून राहिलो ना. काय देऊ?"

जन्मापासून त्यानं मला तू म्हटलं होतं, बे म्हटलं होतं, शिव्या दिल्या होत्या. तुमी कधीच नाही. मी पावभर वांगी मागितली. त्यानं निवडून निवडून चांगली दिली, एक किडकं निघालं ते बाजूला टाकलं. मी म्हटलं, "एकदा घरी ये."

"तुमच्या घरी आमचं काय काम," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

त्यानं शिव्या दिल्या असत्या, वजनाचं माप फेकून मारलं असतं, तर मी ते घेऊन गेलो असतो. पण तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, तिच्याशी हसून बोलला, तिला आक्का म्हणाला. ती गेल्यावर मी वाकलो आणि म्हणालो, "कागदावर माही सही नव्हती. वहिनीची होती. बडनेऱ्याले येऊन करून गेली ती."

त्याचा हात मेथीवर होता. तो पाणी शिंपडत राहिला. वहिनी चहाचे दोन कप घेऊन आली, मला पाहून तिला खरंच आनंद झाला. "भाऊजी, एक वर्षानं," ती म्हणाली. दादानं आपला कप घेतला आणि खाली ठेवला. तिनं तिचा मला दिला, तो पिऊन मी निघालो.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"त्याईले तुमी सांगतलं?"

"हो."

"कावून?"

मी म्हटलं, तोंडातून निघून गेलं. तिच्या मागे बाजाराचा आवाज येत होता.

"ते माह्या हातचं खात नाईत," ती म्हणाली. "वेगळी शेगडी आणली. आपली भाकर आपुनच टाकतात. माह्या हातचं पाणीई घेत नाईत. मारत नाईत, ओरडत नाईत. पोरीशी बोलतात. माह्याशी नाई."

"बाजारात बसता ना सोबत?"

"बसतो ना. धंदा कोण पाईन." मग ती म्हणाली, "तुमाले काय भेटलं, भाऊजी?"

मला काय मिळालं ते मी तिला सांगू शकलो असतो. तो माझ्यावर रागावत नव्हता ते मला सहन झालं नाही. निदान कुणावर तरी रागवावा असं वाटलं, आणि ती जवळ होती. एवढंच होतं ते. मी म्हटलं, चूक झाली. तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं कधी केला नाही.

मागच्या थंडीत मी पुन्हा त्या बाजारातून गेलो, लांबून. दोघं एकाच ताडपत्रीखाली बसले होते, मधे टोपल्या. ती वजन करायची, तो पिशवीत भरायचा. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यानं आपला डबा काढला, एका बाजूला तोंड करून खाल्लं, पाणी आपल्या बाटलीतून प्यायला, डबा पुसून ठेवला. मग तिनं आपला उघडला.

मी बाजारात ते बोललो त्याला आता दोन वर्षं होतील. दादा अजून प्यालेला नाही.